कणांचं पुस्तक

बकुळा राऊळला सातवीच्या मुलींचा विज्ञानाचा तास मिळाला, तो आधीच्या बाई लग्न होऊन नाशिकला गेल्या म्हणून. तिचा विषय मराठी. विज्ञान तिने मॅट्रिक पास व्हायला लागतं तेवढंच केलं होतं आणि परीक्षा संपल्याच्या दिवशी विसरूनही गेली होती. पण भोईवाड्यातल्या त्या छोट्या शाळेत कोण कुठला तास घेणार हे विचारायची पद्धत नव्हती. जून पंचावन्नमध्ये हेडमास्तरांनी वेळापत्रक तिच्या हातात दिलं आणि ती निमूटपणे वर्गावर गेली.

'पदार्थाच्या अवस्था' या धड्याला पुस्तकात दीड पान होतं. घन, द्रव, वायू; सर्व पदार्थ सूक्ष्म कणांचे बनलेले असतात; उष्णता दिल्यास अवस्था बदलते. तिने ते दीड पान मोठ्याने वाचलं, फळ्यावर तीन शब्द लिहिले आणि धडा संपला असं समजून खडू खाली ठेवला. तेवढ्यात मागच्या बाकावरची चंपा उभी राहिली.

"बाई, देवाजवळचा कापूर पेटवलाच नाही, नुसतं डबीचं झाकण उघडं राहिलं, तरी तो कमी होतो. वितळलेला दिसत नाही. मग जातो कुठे?"

बकुळाने पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकात कापूर नव्हता.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

मधल्या सुट्टीत ती गमरे मास्तरांकडे गेली. गुणाजी गमरे मुलांच्या वर्गांना विज्ञान शिकवत. काळासावळा, सडपातळ माणूस. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि उजव्या हाताला कायम खडूची पूड. नायगावच्या बीडीडी चाळीत आईबरोबर राहायचे. घरात इंटरपर्यंत शिकलेले ते पहिलेच. शाळेत ते फारसं कुणाशी बोलत नसत आणि त्यांच्याशीही फारसं कुणी बोलत नसे. यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते उच्चारत नव्हतं.

"उद्या एक परात आणि शेरभर चणे आणा," सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले.

"चणे कशाला?"

"कण म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच तिच्या वर्गावर आले. परात चण्यांनी काठोकाठ भरली आणि हलकेच हलवली. चणे जागच्या जागी थरथरले, पण एकानेही जागा सोडली नाही. "हा घन," ते म्हणाले. मग दोन मुठी चणे बाजूला काढून परात कलती केली. चणे एकमेकांवरून घरंगळत एका बाजूला गोळा झाले. "हा द्रव." आणि मग कुणाला काही कळायच्या आत त्यांनी एक मूठ चणे वर्गभर भिरकावले. मुली किंचाळल्या, हसल्या, बाकांखाली शिरल्या. "आणि हा वायू. कापराचे कण असेच एकेक करून निसटतात. पातळ व्हायला थांबतच नाहीत."

चंपाचं समाधान झालं नव्हतं. "मास्तर, कणाकणांच्या मधे काय असतं?"

"काही नाही."

"म्हणजे हवा?"

"हवासुद्धा कणांचीच असते. मग ती मधे कशी असेल? मधे खरंच काही नाही. नुसती रिकामी जागा."

मुलींनी आपापल्या हातांकडे पाहिलं. बकुळानेही पाहिलं. मग घंटा झाली आणि मुलींनी घन, द्रव, वायू तिन्ही खाऊन टाकले.

त्या दीड पानाचं पुस्तक करायचं कुणाच्या डोक्यात आधी आलं, हे पुढे दोघांनाही सांगता आलं नसतं. शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर दोघं बसायची. विज्ञान त्यांचं, मराठी तिचं. शब्दांवरून भांडणं व्हायची. एका कोशात त्यांना 'घन'साठी 'स्थायू' सापडला आणि तिला तो भारदस्त वाटला.

"स्थायू म्हणजे स्थिर राहणारा," ते म्हणाले. "पण आतले कण तर सारखे थरथरत असतात. पोरांना खोटं का सांगायचं? घनच बरा."

"आणि बर्फ वितळल्यावर कण वितळतात असं तुम्ही लिहिलंय, त्याचं काय?"

"कुठे लिहिलंय?" त्यांनी कागद ओढून घेतला, वाचला आणि कपाळाला हात लावला. "वितळतो तो बर्फ. कण आहे तसाच राहतो. बरं झालं पाहिलंत."

बाहेर ते वर्ष तापत चाललं होतं. गल्लीच्या तोंडाला सभा होत होत्या, भिंतींवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं होतं. गमरे मास्तर म्हणायचे, "उद्या राज्य मराठीत चालणार असेल, तर पोरांना अणू मराठीत कळायला नको?"

बकुळाचे वडील शामराव गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. लालबागच्या चाळीत एका खोलीत राऊळांचं बिऱ्हाड: शामराव, त्यांची बायको गंगुबाई, बकुळा आणि तिच्या पाठच्या दोन बहिणी. मूळचे सावंतवाडीकडचे. तीस वर्षं मुंबईत काढूनही शामरावांच्या तोंडची मालवणी गेली नव्हती. शिकून बाई झालेल्या मुलीचा त्यांना इतका अभिमान, की साच्यांच्या खडखडाटातसुद्धा ते शेजारच्या कामगाराला ओरडून सांगायचे.

छप्पनच्या जानेवारीत गोळ्या चालल्या. परळ-लालबागेत माणसं मेली, संचारबंदी लागली, घराघरांतून पुरुष उचलले गेले. शामराव मोर्चात पकडले गेले आणि एकवीस दिवस तुरुंगात राहिले. परत आले ते दाढी वाढलेले, खोकत, पण डोळ्यांत काहीतरी नवीनच घेऊन.

"अगो, तुझो मास्तर होतो माझ्याबरोबर!" दारातूनच ते बकुळाला म्हणाले. "गमरे! माणूस सोन्याचो. माका ताप इलो तेवा तेना आपली चादर माका दिल्यान. आमी एका ताटात जेवलव."

ताट हा शब्द ऐकून चुलीजवळ बसलेल्या गंगुबाईने वर पाहिलं.

त्यानंतर गमरे मास्तर घरी येऊ लागले. शामरावच बोलवायचे. रविवारी सकाळी मास्तर चटईवर बसून पुस्तकाची पानं वाचून दाखवायचे आणि शामराव डोळे मिटून ऐकायचे. एकदा वाफेचं पान चाललं होतं. मास्तरांनी चहाच्या किटलीचं उदाहरण दिलं होतं. शामरावांनी डोळे उघडले.

"किटली कित्याक? आमच्या साचेखात्यात ये. सूत तुटू नये म्हणून वाफ सोडतत. थंडीत सकाळी बघ, त्या वाफेचा पाणी लोखंडाच्या खांबांवर जमता आणि आमच्या डोक्यार गळता. वाफेचा परत पाणी झाला, होय की नाय?"

मास्तर आनंदाने उठूनच उभे राहिले. किटली खोडली गेली आणि गिरणीतला खांब पुस्तकात आला. खाली बारीक अक्षरांत बकुळाने लिहिलं: हे उदाहरण श्री. शामराव राऊळ यांनी सुचवलं. शामरावांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली.

छप्पनच्या डिसेंबरात गमरे मायलेकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत आले तेव्हा त्यांचा चेहरा बराच रडून मोकळ्या झालेल्या माणसासारखा होता. बकुळाने विचारलं, "आता कसं वाटतं?" ते म्हणाले, "वर बघून चालतोय." तेवढंच. त्या दिवशी तिला कळलं, की शनिवारची वाट आपण पुस्तकासाठी बघत नाही.

त्यांनाही कळलं असावं. पुढच्या पावसाळ्यात कधीतरी ते 'बाई' म्हणायचे थांबले आणि तिला 'तू' म्हणू लागले. ती 'तुम्ही'च म्हणत राहिली, पण त्या 'तुम्ही'चा आवाज बदलला होता. दोघंच असतानासुद्धा त्यांनी कधी तिचा हात धरला नाही. एकदाच, शाई सांडली तेव्हा, त्यांनी आपल्या रुमालाने तिची बोटं पुसली होती. एकेक बोट, फार सावकाश.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर तिने वडिलांना विचारलं. तिला भीती आईची होती, वडिलांची नव्हती. ज्या माणसाबरोबर ते एका ताटात जेवले, त्याला ते नाही म्हणणार नाहीत असा तिचा भरवसा होता.

शामराव चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कित्येकदा वाटलं. ते आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

"तो वायट आसा असा मी म्हणूक नाय," ते म्हणाले. "तेच्यासारखो जावई माका मिळाचो नाय, ता माका ठावक आसा."

"मग?"

"जेल वेगळा, घर वेगळा."

"बाबा, मोर्चात तुम्हीच ओरडत होतात ना, सगळे मराठी एक म्हणून?"

"ओरडलंय. उद्याय ओरडान." त्यांचा आवाज फाटला. "पण तुझ्या मागे दोन चेडवां आसत. तेंका कोण करतलो? गावात माका तोंड दाखवूक जागा रवाची नाय. माका इतको मोठो करू नको गो. मी साचेवालो माणूस."

गंगुबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही बहिणी भांडी घासायच्या निमित्ताने नळावर निघून गेल्या होत्या. बकुळाने पुन्हा तो विषय काढला नाही आणि वडिलांना वाटलं, मुलगी समजूतदार आहे.

जानेवारीत तिने आणि गमरे मास्तरांनी फोर्टातल्या कचेरीत लग्नाच्या नोटिशीवर सह्या केल्या. महिना थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन यायचं. साक्षीदार म्हणून शाळेचा शिपाई बुधाजी आणि नायगावचे दोघं शेजारी तयार झाले. फेब्रुवारीतला एक मंगळवार ठरला, सकाळी अकरा वाजता.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी घाबरलोय," ते हसून म्हणाले. "आईने तुझ्यासाठी आमच्या नव्या रीतीची पांढरी साडी आणून ठेवलीय. रोज ट्रंक उघडून बघते."

त्या मंगळवारी बकुळा नेहमीसारखी पर्स आणि वह्यांची पिशवी घेऊन निघाली. पिशवीत वह्यांखाली एक लुगडं आणि शाळेचे दाखले होते. आईच्या पाया पडावंसं वाटलं, पण पडली असती तर आईला कळलं असतं. ती जिना उतरली, गल्ली ओलांडली आणि ट्रामच्या थांब्याकडे वळली.

कोपऱ्यावर शामराव होते. त्यांची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळीच ते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेची पत्रकं भिंतीवर चिकटवत होते. धोतर खोचलेलं, कोपरापर्यंत खळ. शेजारी खळीचा डबा. मुलीला बघताच त्यांचा चेहरा फुलला.

"जेवलंस काय गो?"

ती उभी राहिली. "खाल्लं थोडं."

"थोडाच? थांब." त्यांनी खळीचे हात धोतराला पुसले, कोपऱ्यावरच्या भय्याकडून चार केळी घेतली आणि तिच्या पिशवीत घालायला पुढे झाले. पिशवी आतून दिसेल म्हणून ती झटकन मागे सरली, तर ते ओशाळले. त्यांना वाटलं, आपल्या हातांना खळ आहे म्हणून ती मागे सरली.

"होय गो, घाण हात," ते म्हणाले आणि केळी कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. "जा. पोरी वाट बघत आसतल्यो. तुझा शिकवणा ऐकूक एकदा येतलंय मी. पाठच्या बाकावर बसान."

ट्राम आली. घंटा वाजवत थांबली. वडील बघत होते, म्हणून ती ट्रामकडे गेली नाही. शाळा दुसऱ्या दिशेला होती. ती शाळेच्या दिशेने चालू लागली. पुढच्या नाक्यावर वळून मागच्या रस्त्याने थांब्यावर येऊ, असं मनाशी म्हणाली. नाका आला. तिथून दिसत होतं, ते पुन्हा भिंतीकडे वळून पत्रकाचा कोपरा तळव्याने सपाट करत होते. पाठीवर सदरा फाटला होता आणि गंगुबाईने त्याला दुसऱ्याच रंगाचं ठिगळ लावलं होतं. बकुळा तिथे किती वेळ उभी होती तिला माहीत नाही. आणखी एक ट्राम गेली, मग आणखी एक.

सव्वाअकराला ती वर्गात होती. मुलींनी उठून नमस्कार केला. तिने केळी टेबलावर ठेवली आणि कवितेचा तास घेतला.

संध्याकाळी बुधाजी शाळेत आला. त्याने नवी टोपी घातली होती.

"मास्तर पाचपर्यंत बसले, बाई," तो म्हणाला. "आम्ही म्हटलं, जेवून येऊ या. नाही म्हणाले. ती येईल नि मी नसेन, असं नको. कचेरी बंद केली तेव्हा उठले." तो थोडा घुटमळला. "तुम्ही बऱ्या आहात ना? ते विचारत होते, काही झालं तर नसेल ना तुम्हाला."

ती मान हलवत राहिली. हो की नाही, ते बुधाजीला कळलं नाही.

गमरे मास्तर दुसऱ्या दिवशी शाळेत आले. तिने सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही, केळीसुद्धा सांगितली. ते मान खाली घालून ऐकत होते.

"मला तुमच्या बाबांचा राग येत नाही," शेवटी ते म्हणाले. "यायला पाहिजे खरा. तुमचाही येईल असं वाटलं होतं. नाही आला. नुसतं दमल्यासारखं वाटतंय."

'तुमचा' हा शब्द तिने ऐकला आणि तिला कळलं, की संपलं. त्यांनी मुद्दाम नाही म्हटला तो. आपसूक आला.

"पुन्हा तारीख घेऊ," ती म्हणाली. "मी येईन. खरंच येईन."

"नाही येऊ शकणार." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, लाल. "आणि माझ्या आईला मी ती ट्रंक पुन्हा उघडायला सांगणार नाही."

शाळेचं वर्ष संपताच ते औरंगाबादच्या एका शाळेत गेले. जाताना त्यांनी पुस्तकाचे कागद दोऱ्याने बांधून तिच्या टेबलावर ठेवले. घन आणि द्रव पूर्ण होते. वायूचं प्रकरण कोरं होतं. वर नुसती चिठ्ठी: 'हे तुम्ही लिहा. तुम्हाला आता येतं.'

ते प्रकरण लिहायला तिला दोन वर्षं लागली. मधे शेवंतीचं, पाठच्या बहिणीचं, लग्न झालं, धाकटीचं ठरलं. बकुळाला स्थळं आली. ती नाही म्हणत गेली आणि शामराव आग्रह न करता पाहुण्यांना निरोप पाठवत गेले. साठ सालच्या मे महिन्यात राज्य झालं. लालबागमध्ये दिवे लागले, गुलाल उधळला, शामराव पेढ्यांचा पुडा घेऊन नाचत घरी आले. त्याच उन्हाळ्यात गिरगावातल्या एका छापखान्याच्या मालकांनी, नाना त्यांचं नाव, पुस्तक छापायला घेतलं. मुद्रितं तिने औरंगाबादला पाठवली. आठ दिवसांनी परत आली. लाल शाईने एकच दुरुस्ती होती: तिने लिहिलं होतं, वायूचे कण 'तरंगतात'. त्यांनी ते खोडून 'धावतात' केलं होतं. बरोबर पत्र नव्हतं.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर दोन नावं, एकाखाली एक. शामरावांनी आधी आपला खांब शोधला, आपलं नाव शोधलं, ओळीवरून बोट फिरवलं. मग मुखपृष्ठ उलटून बघत म्हणाले, "गमरे मास्तर आता खंय आसता? एकदा तरी भेटूक येवचा तेना. विसरलो वाटता आमका."

बकुळा तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "बाबा, दोन वर्षांपूर्वी तुम्ही कोपऱ्यावर पत्रकं लावत होतात. मला केळी घेऊन दिलीत. आठवतं?"

"आठवता."

"मी तेव्हा त्यांच्याशी लग्न करायला निघाले होते. ते संध्याकाळपर्यंत बसून होते. मी तुम्हाला बघून परत फिरले."

गंगुबाईचा हात तव्यावर थांबला. भाकरी करपल्याचा वास खोलीभर झाला, तरी कुणी हललं नाही.

"माका आधी कित्याक सांगूक नाय?" शामराव म्हणाले.

"सांगितलं होतं, बाबा."

पुस्तक त्यांनी फडताळात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. रविवारी सकाळी न्हाऊन, धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालून ते कुठे जातो ते न सांगता बाहेर पडले.

ते नायगावला गेले होते. सुंदराबाईंच्या, मास्तरांच्या आईच्या, दारात जाऊन म्हणाले होते की मी बकुळाचा बाप, तुमच्या मुलासाठी मागणं घालायला आलोय. हे त्यांनी परत आल्यावर स्वतःच सांगितलं, पायरीवर बसून, टोपी हातात चुरगाळत.

"तिना माका आत घेतल्यान. चाय दिल्यान. मी पिऊन सगळो संपवलंय. मगे म्हणाली, भाऊ, गेल्या वर्षीच झाला लगीन. औरंगाबादची मास्तरीण. चेडू आसा, तीन म्हयन्याचा." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "वायट नाय बोलली. एक शब्द वायट नाय. उशीर झालो गो बाय. माझ्यान उशीर झालो."

आणि लालबागच्या त्या चाळीत, पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर शामराव राऊळ रडले. तुरुंगात रडले नव्हते, गिरणीत बोट गेलं तेव्हा रडले नव्हते. बकुळा त्यांच्या शेजारी बसली. तिला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला वडिलांचा तिरस्कार वाटेल. तसं झालं नाही. तिला त्यांची दया आली, आणि ती दया तिच्या स्वतःच्या दुःखाहूनही जड होती.

पुस्तक बरं चाललं. गिरणगावातल्या शाळांनी घेतलं, मग कोकणातल्या घेऊ लागल्या. शामराव गेले त्या वर्षी तिसरी आवृत्ती निघाली. चौथीच्या वेळी बकुळाबाई हेडमिस्ट्रेस झाल्या होत्या, केस पांढरे. नानांचा मुलगा शाळेत आला आणि म्हणाला, परवानगीच्या कागदावर दोन्ही लेखकांच्या सह्या लागतात, गमऱ्यांचा पत्ता मिळेल का.

बाईंनी कोरा कागद ओढला आणि कुठेही न बघता पत्ता लिहून दिला. घर क्रमांक, गल्ली, पोस्ट, जिल्हा. या पत्त्यावर त्यांनी मुद्रितं सोडून कधीच काही पाठवलं नव्हतं.

"ओळख आहे वाटतं चांगली," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "आम्ही पुस्तक लिहिलं होतं."